मोकळ्या आकाशातले मनोरे

विमानतळ म्हटला की काचेचा उंच मनोरा डोळ्यांसमोर येतो, आणि त्यात बसलेला माणूस आकाशातल्या प्रत्येक विमानाला आज्ञा देत असणार, असे आपण गृहीत धरतो. ब्रिटनमधल्या कितीतरी विमानतळांवर हे अर्धेच खरे ठरते. तिथे मनोरा आहे, परवानाधारक नियंत्रक आहेत, काही ठिकाणी प्रवासी विमानांची नियमित ये-जाही आहे. पण भोवतालचे बरेचसे आकाश कायद्याने अनियंत्रित, म्हणजे ‘जी’ वर्गाचे आहे. त्यातून जाणाऱ्या छोट्या विमानाला किंवा ग्लायडरला कुणाची परवानगी लागत नाही. रेडिओ बाळगण्याचीही सक्ती नसते. ही व्यवस्था एका बैठकीत ठरलेली नाही. मनोरा आधी आला, आकाशावरचे नियंत्रण मागाहून आणि तुकड्यातुकड्यांनी आले.

जगातला पहिला नियंत्रण मनोरा १९२० साली लंडनच्या दक्षिणेला क्रॉयडन इथे उभा राहिला. उंची साधारण १५ फूट, चारही भिंतींना खिडक्या आणि आत बिनतारी संदेशाचे यंत्र. तिथला अधिकारी वैमानिकाला हवामान सांगे, इतर विमानांची खबर देई, तो कुठवर आला आहे याचा अंदाज कळवी. पुढे काय करायचे ते वैमानिकाने ठरवायचे. विमानतळाच्या कुंपणापलीकडचे आकाश कुणाच्याच ताब्यात नव्हते.

त्याची किंमत लवकरच मोजावी लागली. ७ एप्रिल १९२२ रोजी क्रॉयडनहून पॅरिसकडे टपाल घेऊन निघालेले विमान आणि पॅरिसहून क्रॉयडनकडे येणारे फार्मान गोलियाथ हे प्रवासी विमान उत्तर फ्रान्समध्ये समोरासमोर धडकले. दाट धुक्यात दोघेही वाट चुकू नये म्हणून खालच्या एकाच रस्त्याच्या रेघेवरून, अगदी कमी उंचीवर उडत होते. सात जण गेले. दोन प्रवासी कंपन्यांच्या विमानांची हवेत झालेली ही पहिली टक्कर. त्यानंतर विमान कंपन्या आणि अधिकारी एकत्र बसले, ठरलेले मार्ग आणि रस्त्याची एक बाजू धरून उडण्याचे नियम आले. त्याच वर्षी क्रॉयडनच्या जिमी जेफ्स यांना ब्रिटनमधला हवाई वाहतूक नियंत्रकाचा पहिला परवाना मिळाला.

१९२८ मध्ये क्रॉयडनला नवी इमारत आणि नवा, उंच मनोरा मिळाला. मनोऱ्यातले काम कसे चाले, ते पाहण्यासारखे आहे. वैमानिक विमानातून लांब तार खाली सोडी. तोच त्याचा एरियल. त्याने आपले स्थान विचारले की क्रॉयडन आणि दुसरी एक-दोन केंद्रे त्याचा आवाज कोणत्या दिशेने येतो ते मोजत. प्रत्येक केंद्राची दिशारेषा नकाशावर ओढायची. रेषा जिथे छेदतील तिथे विमान. मग ‘तू अमुक गावावर आहेस’ असा निरोप परत जाई. रडारच्या कितीतरी आधी ढगात सापडलेल्या माणसाला अशी वाट दाखवली जात होती.

या मनोऱ्याशी मुंबईचे नाते टपालाचे. मार्च १९२९ मध्ये इंपीरियल एअरवेजने क्रॉयडनहून कराचीपर्यंतची हवाई टपालसेवा सुरू केली, आणि तेच टपाल पुढे आणण्यासाठी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा कराचीहून पस मॉथ विमान घेऊन जुहूला उतरले. त्यांच्या विमानात रेडिओ नव्हता. पत्रांच्या थैल्यांना लंडनमध्ये मनोऱ्याची पाठराखण होती. कराचीहून पुढे एका माणसाची नजर आणि नकाशा.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनभर शेकडो धावपट्ट्या तयार झाल्या आणि त्यांच्या कडेला विटांची दुमजली ‘वॉच ऑफिसे’ उभी राहिली. युद्ध संपल्यावर यातले अनेक तळ बंद झाले, काही हौशी उड्डाण मंडळांकडे गेले, काही नागरी विमानतळ झाले. १९५०च्या सुमारास मोठ्या शहरांना जोडणारे नियंत्रित हवाई मार्ग आखले जाऊ लागले. हे मार्ग आणि मोठ्या विमानतळांभोवतीचे पट्टे वगळता खालचे आकाश पूर्वीसारखेच मोकळे राहिले. पुढे ए ते जी अशी अक्षरे आली, तेव्हा या उरलेल्या आकाशाला ‘जी’ मिळाले. त्यात उभे असलेले मनोरे मात्र कामाचे होते. ते तसेच चालू राहिले.

अशा मनोऱ्याची हद्द लहान असते. धावपट्टी १,८५० मीटरपेक्षा मोठी असेल तर मध्यबिंदूपासून अडीच सागरी मैल, नसेल तर दोन; उंची २,००० फूट. एवढ्या वर्तुळात शिरणाऱ्याने मनोऱ्याशी बोललेच पाहिजे. रेडिओ बंद पडला तर मनोऱ्यातून दिव्याचा झोत टाकला जातो: स्थिर हिरवा म्हणजे उतर, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट देऊन घिरट्या घाल, लुकलुकता लाल म्हणजे उतरू नकोस, विमानतळ सुरक्षित नाही. वैमानिक दिवसा पंख हलवून ‘समजले’ म्हणतो. ही सांकेतिक भाषा आजही वैमानिकांना पाठ करावी लागते.

मनोऱ्यात कोण बसले आहे यावरही अधिकार ठरतो. नियंत्रक उतरण्याची परवानगी देतो. पण जिथे फक्त माहिती अधिकारी असतो, तिथे तो धावपट्टी मोकळी आहे एवढे सांगून उतरणे वैमानिकाच्या मर्जीवर सोडतो. स्कॉटलंडच्या बारा बेटावर नेमके हेच चालते. तिथली धावपट्टी म्हणजे समुद्राची पुळण. तीन पट्ट्यांची टोके लाकडी खांबांनी दाखवलेली, भरतीला तिन्ही पाण्याखाली. ग्लासगोहून येणाऱ्या ट्विन ऑटर विमानाचे वेळापत्रक ओहोटी पाहून ठरते. मनोऱ्यातला माणूस वारा, पुळणीची अवस्था, इतर विमाने यांची खबर देतो, निर्णय वैमानिकाचा. १९३६ पासून बेटावरच्या लोकांना या विमानसेवेचा आधार आहे.

वाहतूक वाढली की या व्यवस्थेची फट उघडी पडते. १७ ऑगस्ट २००८ रोजी कॉव्हेंट्री विमानतळाजवळ दोन इंजिनांचे सेसना आणि घरी बांधलेले एक छोटे विमान हवेत धडकले. पाच जण ठार झाले. कॉव्हेंट्रीला मनोरा होता, नियंत्रक होते, दोन्ही वैमानिक त्याच मनोऱ्याशी बोलत होते, दोघेही उतरण्यासाठीच येत होते. पण अशा आकाशात नजरेच्या भरवशावर उडणाऱ्या दोन विमानांमध्ये अंतर राखण्याची हमी नियंत्रक देत नाही. त्याने माहिती द्यायची, वैमानिकांनी एकमेकांना पाहून टाळायचे. त्या दिवशी त्यांनी एकमेकांना वेळेत पाहिले नाही.

मग सगळेच आकाश नियंत्रित का करू नये? फार्नबरो विमानतळाने तसा प्रयत्न केला, तेव्हा लॅशमची ग्लायडर संस्था न्यायालयात गेली. तिचा दावा फेटाळला गेला आणि २०२० मध्ये फार्नबरोभोवती नियंत्रित क्षेत्र आले. तरीही ग्लायडरवाल्यांचे म्हणणे हलके नाही. इंजिनाविना उडणाऱ्याला उष्ण हवेचा झोत जिकडे मिळेल तिकडे जावे लागते. दर वेळी परवानगीची वाट पाहत बसला तर तो खालीच येईल. शिवाय एका ठिकाणी क्षेत्र बंद केले की बाकीचे सगळे उरलेल्या चिंचोळ्या पट्टीत दाटी करतात.

मधली वाट वेल्समधल्या हावर्डन इथे सापडते. एअरबसचे पंख शेजारच्या ब्रॉटन कारखान्यात तयार होतात आणि ते न्यायला अजस्र बेलुगा मालवाहू विमान याच विमानतळावर येत आले आहे. भोवतालचे आकाश ‘जी’ वर्गाचेच, पण तिथे मनोऱ्याच्या लहान वर्तुळाबाहेरही रेडिओची सक्ती आहे. शिरण्याआधी बोला, आपण कुठे आहोत ते सांगा. बाकी उड्डाणाचे स्वातंत्र्य कायम. १९२० साली क्रॉयडनच्या मनोऱ्याला जे सांगता-ऐकता येत होते, ते आज प्रत्येकाला स्वस्तात शक्य आहे. म्हणून जिथे तिकीट काढलेले प्रवासी नियमितपणे उतरतात, अशा प्रत्येक मनोऱ्याभोवती निदान ही रेडिओसक्ती तरी असलीच पाहिजे. ती आणण्यासाठी आणखी एका टकरीची वाट पाहू नये.