निजलेली की गेलेली? वृद्ध गोगलगायीची निगा

(प्रतिनिधी)

मृगाच्या सरी कोसळल्या की कर्जत-खालापूर पट्ट्यात भाताच्या बांधांवर आणि परसातील अळूच्या पानांखाली गोगलगायी दिसू लागतात. हौसेने डब्यात ठेवलेली एखादी गोगलगाय बघता बघता घरातलीच होऊन जाते. मोठ्या आकाराची शंखी गोगलगाय साधारणपणे पाच-सहा वर्षे, तर उत्तम देखभालीत त्याहूनही अधिक जगते. उन्हाळ्यात ती शंखात शिरून अनेक आठवडे निश्चल राहते. अशा वेळी, विशेषतः ती वयस्क असल्यास, मेली असे समजून टाकून दिली जाण्याची शक्यता असते. वस्तुतः ती केवळ सुप्तावस्थेत असू शकते.

ही गफलत जाणकारांचीही झाली आहे. इजिप्तमधील एका वाळवंटी गोगलगायीचा शंख १८४६ साली ब्रिटिश म्युझियममध्ये पुठ्ठ्यावर चिकटविण्यात आला होता. १८५० साली शंका आल्याने तो कोमट पाण्यात ठेवताच गोगलगाय बाहेर आली आणि पुढे सुमारे दोन वर्षे जगली.

ओळखावे कसे?

शंखाच्या तोंडावर पांढरट पापुद्रा असल्यास ती बहुधा निजलेली असते. हा पापुद्रा कधीही टोकरू नये. कोमट पाण्याचा हलका फवारा मारून तिला ओलसर जागी ठेवावे व एक-दोन दिवस वाट पाहावी. पापुद्रा नसताना ती खोल आत ओढली गेली असेल आणि खात नसेल, तर ते अशक्तपणाचे वा आजाराचे लक्षण होय. अंग लोंबणे, स्पर्शाला प्रतिसाद नसणे आणि दुर्गंधी या तिन्ही खुणा एकत्र दिसल्या, तरच ती गेली असे समजावे. लहान वजनकाट्यावर दर आठवड्याला वजन करून नोंद ठेवल्यास घट वेळीच लक्षात येते.

शंख व आहार

वयपरत्वे शंखाचे टोक झिजून पांढरे पडते; ही झीज भरून येत नाही, परंतु ती घातकही नसते. शंखाची कड पातळ वा ठिसूळ झाल्यास मात्र कॅल्शियमची उणीव समजावी. त्यासाठी समुद्रफेस किंवा अंड्याच्या कवचाची पूड डब्यात कायम ठेवावी. विड्याचा चुना देऊ नये. त्याने अंग भाजते. काकडी, दुधी किसून किंवा भोपळा मऊ शिजवून द्यावा. पालकातील घटक कॅल्शियम शोषू देत नाहीत, म्हणून तो टाळावा. मिठाचा कणही लागू देऊ नये.

ऋतुमानानुसार काळजी

पारा चाळिशीकडे झुकला की डबा सावलीत ठेवून बाहेरून ओले फडके गुंडाळावे. हवेची भोके मात्र मोकळी ठेवावीत. माती ओलसर असावी, चिखल नसावा. नळाचे पाणी रात्रभर उघडे ठेवून वापरावे. पावसाळ्यात बुरशी व अंगावर धावणारे बारीक पांढरे किडे यांचा उपद्रव वाढतो. तेव्हा माती बदलून डबा गरम पाण्याने धुवावा.

सावधगिरी

उंदरांमार्फत गोगलगायीत शिरणाऱ्या एका कृमीमुळे माणसाला मेंदूच्या आवरणाचा दाह होऊ शकतो. म्हणून हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि मुलांना ती तोंडाजवळ नेऊ देऊ नये. शंखी गोगलगाय ही मूळची पूर्व आफ्रिकेतील असून १८४७ साली ती कोलकात्यात आणली गेली. २०२२ साली लातूर, बीड भागात तिने सोयाबीनच्या कोवळ्या रोपांचा फडशा पाडला. म्हणूनच कंटाळा आला किंवा ती आजारी पडली, तरी तिला शेतात सोडू नये. तिची अंडी उकळून नष्ट करावीत.

वार्धक्यावर औषध नाही. खाणे सुटलेल्या गोगलगायीला जबरदस्तीने भरवू नये. ओलावा, सावली, स्वच्छता आणि शांतता एवढेच अखेरीस तिच्यासाठी करता येते, आणि ते दुर्गंधी सुटेपर्यंत थांबवू नये.