मूरासचा हौद

परसात सेप्टिक टँक बांधून घेणे ही आज खेड्यातही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. तिचा उगम मात्र फ्रान्समधील वेझूल या लहानशा गावी झाला. तेथे १८६० च्या सुमारास मूरास नावाच्या गृहस्थाने एका घरासाठी दगडी हौद बांधला. शौचकूपाचे व स्वयंपाकघराचे पाणी त्यात पडे आणि वर आलेले बाहेर निघून जाई. सुमारे बारा वर्षांनी हौद उघडला, तेव्हा तो गाळाने तुडुंब भरला असेल अशी अपेक्षा होती. आत निघाले ते बहुतेक पाणीच! १८८१ साली त्याचे पेटंट घेताना मूरासने हौदास 'आपोआप मळ उपसणारा' असे म्हटले.

नाव लोभस, परंतु पुरते खरे नव्हे. हवेवाचून जगणारे सूक्ष्मजंतू पुष्कळ मळ विरघळवितात, सगळा नव्हे. तळाशी गाळ साचतच राहतो आणि बाहेर पडणारे पाणीही शुद्ध नसते. आपल्या जांभ्याच्या भूमीत तर ते भेगांतून चटकन विहीर गाठते. म्हणून शोषखड्डा विहिरीपासून दूर आणि तिच्या उताराच्या बाजूस हवा.

'सेप्टिक टँक' हे नाव रूढ केले ते इंग्लंडातील एक्झिटरच्या डोनाल्ड कॅमेरनने, १८९५ च्या सुमारास. हौदातील वायूवर त्याने दिवेही पेटविले. पुढे मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामातही असा वायू उपयोगात आला. (हे कुष्ठधाम उभारणारे अ‍ॅक्वर्थसाहेब म्हणजे शाळिग्रामांसह मराठी पोवाड्यांचा संग्रह काढणारेच.)

पण हौदातले वायू माणसाचा प्राणही घेतात. गाळ उपसावयास आजवर आत उतरविले गेले ते बहुधा असेच, ज्यांच्या वाडवडिलांना आपण देवळाची पायरी चढू दिली नव्हती. २०१३ च्या कायद्याने माणसास अशा रीतीने, संरक्षक साधनांवाचून, हौदात उतरविण्यास बंदी केली. मृत्यू तरीही थांबलेले नाहीत. मूरासच्या त्या नावावर आपण अजून विसंबतो, हेच त्याचे एक कारण असावे. हौद बांधतानाच उपसण्याचा विचार कोण करतो? एका नव्या घरी झाकणावरून अंगणाची सुरेख फरशी घातलेली मी पाहिली. उपसावयाचे यंत्र कोठून आणणार, असे विचारले, तर यजमान म्हणाले, "त्याची गरजच पडत नाही म्हणे!" गाडी येण्याजोगी वाटही त्या परसात नव्हती.