पाचशेचा प्राध्यापक, पंचाहत्तरचा प्राध्यापक

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात पुण्यात इतिहास आणि अर्थशास्त्र शिकवणारे दोन प्राध्यापक होते. विद्यार्थी एकाच मुंबई विद्यापीठाचे, परीक्षा एकच. मुळा-मुठेपलीकडे येरवड्याच्या बाजूला, सरकारी डेक्कन कॉलेजात, ऑक्सफर्डहून आलेले एफ. डब्ल्यू. बेन होते. चतुःशृंगीच्या वाटेवर, फर्ग्युसन कॉलेजात, गोपाळ कृष्ण गोखले. बेनसाहेबांनी पुढे संस्कृत पोथीचे भाषांतर म्हणून एक कथा छापली आणि ती त्यांचीच रचना निघाली. भांडारकरांच्या पुण्यात राहून हे धाडस करणाऱ्या माणसाबद्दल मला थोडे कौतुकही वाटते. पण इथे प्रश्न पगाराचा आहे.

१८९६ साली इंडियन एज्युकेशनल सर्व्हिस उभी राहिली. विलायतेत भरती झालेल्या प्राध्यापकाला सुरुवातीला दरमहा ५०० रुपये, दरसाल ५० रुपयांची वाढ आणि दहा वर्षांत १००० रुपये, अशी तिची श्रेणी होती. एतद्देशीयांसाठी खालची प्रांतिक सर्व्हिस वेगळी. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्याला मिळत ७५ रुपये. गोखले १९०२ मध्ये निवृत्त झाले, तेव्हा त्यांना दरमहा ३० रुपये पेन्शन मिळाले.

या तफावतीला त्या काळी एक ठरलेले उत्तर होते, आणि ते अगदीच पोकळ नव्हते. साहेबाला दोन घरे चालवावी लागतात. मुले सहा-सात वर्षांची झाली की विलायतेत शाळेला धाडायची, बायको कधी इथे तर कधी तिथे, आगबोटीचे भाडे, उन्हाळ्यात थंड हवेचे ठिकाण, आणि म्हातारपण पुन्हा तिकडेच. नोकरांची रांग हा थाटाचा भाग खराच. पण पाणी भरणारा घोड्याला हात लावणार नाही आणि स्वयंपाकी झाडू धरणार नाही, ही व्यवस्था आपलीच होती. परमुलखात राहणारा माणूस महाग पडतो, हे आज दुबईला किंवा सिंगापूरला गेलेल्या आपल्या मुलांनाही कळते. खटकते ते पुढचे. एकाचा पगार त्याच्या गरजांवरून ठरला आणि दुसऱ्याचा त्याच्या वर्णावरून.

रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे उदाहरण घ्या. ब्यूलर एल्फिन्स्टन कॉलेज सोडून गेल्यावर संस्कृतची गादी भांडारकरांनी काही वर्षे हंगामी म्हणून सांभाळली. कायम नेमणुकीची वेळ आली तेव्हा १८७३ मध्ये पीटर पीटरसन यांना विलायतेहून आणले. पीटरसन विद्वान होते, हस्तलिखितांच्या शोधाचे त्यांचे काम मोठे आहे. पण तेव्हा भांडारकरांचे नाव त्यांच्यापुढे होते. कीलहॉर्न जर्मनीला परतल्यावर भांडारकरांना डेक्कन कॉलेजातली जागा मिळाली. ज्या विद्येसाठी साहेब आणायचा ती संस्कृत होती, हे लक्षात घेतले म्हणजे 'लायक माणूस इथे मिळत नाही' या सबबीचे वजन कळते. कलकत्त्यास प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस १८८५ साली लागले. हिंदी माणसाला युरोपियनाच्या दोन-तृतीयांश पगार हा रिवाज, त्यात नेमणूक हंगामी म्हणून त्याहूनही कमी. बोसांनी तीन वर्षे पगाराला हात लावला नाही आणि शिकवत राहिले. शेवटी सरकारने मागील सर्व बाकीसह पुरा पगार दिला.

आता हुंडणावळीची गोष्ट. या सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत बोलका वाटणारा पुरावा तिथे आहे. १८७०च्या सुमारास रुपया जवळजवळ दोन शिलिंगांचा होता. म्हणजे पाचशे रुपयांचे विलायतेत पन्नास पौंड होत. चांदी घसरत गेली आणि १८९४-९५ मध्ये रुपयाची सरासरी किंमत १३.१ पेन्सांवर आली. त्याच पाचशेचे आता सुमारे २७ पौंड. साहेबलोकांनी ओरड केली आणि १८९३ साली सरकारने त्यांना हुंडणावळीचा भरपाई भत्ता मंजूर केला. निम्मा पगार बाजारभाव काहीही असला तरी १ शिलिंग ६ पेन्स या दराने विलायतेत पाठवता येईल, इतका फरक सरकार भरून देणार. वर्षाला हजार पौंडांची कमाल मर्यादा होती. पैसे खरोखर पाठवलेच पाहिजेत, अशी अट मात्र नव्हती.

पाचशे रुपयेवाल्यासाठी मी हा हिशेब मांडून पाहिला. निम्मा पगार २५० रुपये. १८ पेन्सांच्या दराने १८ पौंड १५ शिलिंग. १८९४-९५च्या भावाने तेवढे पौंड घ्यायला सुमारे ३४३ रुपये लागत. म्हणजे भत्ता झाला ९३ रुपये. फर्ग्युसनच्या प्राध्यापकाच्या सबंध पगाराहून साहेबाचा नुसता भरपाई भत्ता अठरा रुपयांनी जास्त! पुढे रुपया १६ पेन्सांवर स्थिरावला, तेव्हा हाच भत्ता सव्वाएकतीस रुपयांवर आला. गोखल्यांच्या पेन्शनीपेक्षा तरीही सव्वा रुपया अधिकच. १८९७ साली वेल्बी कमिशनपुढे साक्ष देताना या भत्त्यावर गोखल्यांनी टीका केली, ती आकडे तोंडपाठ असलेल्या माणसाची होती.

पंचाहत्तर रुपयांत पुण्यात कसे भागे? ब्राह्मणी मध्यमवर्गाच्या मानाने ते दारिद्र्य नव्हते. पण आश्रित, विधवा बहिणी, शिकायला आलेले भाचे-पुतणे असे घर असले की महिनाअखेर ओढाताण होई. सोसायटीतले भांडण वाचताना आपण तत्त्वांची भाषा वाचतो, त्यामागे ही ओढाताण आहे. टिळकांचे म्हणणे असे की पगार थोडाच असावा आणि सदस्याने बाहेरच्या कमाईच्या मागे लागू नये. आगरकर-गोखल्यांना हा आग्रह जाचक वाटे. होळकर महाराजांच्या सातशे रुपयांच्या देणगीवरून वितुष्ट वाढले, आणि १८९० मध्ये गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे काम पत्करल्यावर टिळकांनी राजीनामा दिला. माझा कल इथे आगरकरांकडे झुकतो. स्वेच्छेने केलेला त्याग वेगळा आणि नियमाने लादलेला वेगळा. शिवाय देशी प्राध्यापक इतक्या स्वस्तात मिळतो म्हटल्यावर, पाचशेचा दर गैर आहे हे सरकारला पटवणे सोपे होत नव्हते, उलट कठीणच होत होते. रँग्लर परांजपे केंब्रिजला सीनियर रँग्लर होऊन याच संस्थेत परतले, तेव्हा त्यांच्या त्यागाची वाहवा झाली. सीनियर रँग्लरची किंमत इतकी कशी, हे फारसे कुणी विचारले नाही.

हे झाले पुण्यातले. माझे गाव मांडवगण फराटा, शिरूर तालुक्यात, भीमेच्या काठी. पलीकडे दौंड, तेव्हाचा भीमथडी तालुका. इथून पाहिले तर पंचाहत्तर रुपयेही फार दूर दिसतात. १८७५ साली सावकारांच्या वह्या जळाल्या त्या दंग्यांत शिरूर आणि भीमथडी हे दोन्ही तालुके होते. लगेच १८७६-७७चा दुष्काळ. दौंड-मनमाड रेल्वे त्या काळात बांधली गेली. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरच्या मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे इतकी खाली आणली, तेव्हा दख्खनमधल्या मजुरांनी कामे सोडली आणि सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली. त्या मजुराची गरज सरकारने चक्क वजनकाट्यावर ठरवली होती.

शिक्षणाचा पैसा कुठून येई? साऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड, आणि त्यातला एक-तृतीयांश शाळांना. दहा रुपये सारा भरणाऱ्या कुणब्याचे दहा आणे होत, त्यातले तीन आणे चार पै शाळेच्या वाट्याला. कॉलेजांचा खर्च प्रांताच्या तिजोरीतून होई. तिच्यातही मोठा भाग जमीनमहसुलाचाच. म्हणजे साहेब प्राध्यापकाचा पहिल्या महिन्याचा पगार हा अशा पन्नास कुणब्यांचा वर्षाचा सारा. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर कमिशनला दिलेल्या निवेदनात नेमके इथे बोट ठेवले. रयतेचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातो, खेड्यातली शाळा उपाशी राहते. गावच्या मास्तराला बारा रुपयांहून कमी पगार नसावा आणि मोठ्या गावांत पंधरा-वीस असावा, ही त्यांची मागणी होती. बारा रुपये ही मागणी होती, यावरूनच प्रत्यक्ष काय असेल ते ओळखावे. पाचशे विरुद्ध पंचाहत्तर या वादात पुण्याची वर्तमानपत्रे रंगली. बारा रुपयांसाठी फुल्यांसारखे बोलणारे थोडे होते.

गोखले पुढे इस्लिंग्टन कमिशनवर सदस्य झाले. सरकारी नोकऱ्यांतला हाच भेद तिथे तपासला जात होता. अहवाल निघण्याआधी, फेब्रुवारी १९१५ मध्ये, ते गेले. १९२४ च्या ली कमिशनने इंडियन एज्युकेशनल सर्व्हिसची नवी भरती थांबवायला सांगितले. मात्र उरलेल्या युरोपीय अधिकाऱ्यांना जाण्यायेण्याच्या आगबोटीचे भाडे सरकारी खर्चाने देऊ केले. १९३४ मध्ये काटकसरीच्या नावाखाली सरकारने डेक्कन कॉलेजच बंद केले. माजी विद्यार्थी कोर्टात गेले आणि १९३९ साली ते संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडले. इरावती कर्वे आणि ह. धी. सांकलिया त्याच वर्षी तिथे आले.

त्याच संस्थेचे लोक १९६८ पासून आमच्या शेजारी, घोडनदीकाठच्या इनामगावला, उत्खनन करत होते. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे, धान्याच्या कणग्या आणि पाण्याचा चर त्यांनी उघडा केला. खड्ड्याच्या काठावर प्राध्यापक वही घेऊन बसत, आणि खाली टिकाव-घमेले घेऊन उतरत ती आसपासची माणसे.