बटा की छटा?

दिवाळी तोंडावर आली की आमच्या घरात रंगाची चर्चा निघते. पण ती भिंतींच्या, फार तर रांगोळीच्या. यंदा ती गणपतीच्या आधीच निघाली, आणि तीही केसांवरून. धाकटी नात कॉलेजातून आली ती हातातला फोन माझ्यापुढे धरूनच. म्हणाली, "आजी, तू सांग. हायलाइट करू की ओंब्रे?"

चष्मा चढवून पाहिले. एका चित्रातल्या मुलीच्या काळ्या केसांतून मधाच्या रंगाच्या बारीक बटा मुळापासून टोकापर्यंत उतरल्या होत्या. दुसरीचे केस माथ्याशी काळे, खांद्याशी तपकिरी आणि टोकाला जवळजवळ सोनेरी. एक रंग कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला ते बोट ठेवून दाखवता येऊ नये, असे. देठाकडून टोकाकडे रंग बदलत गेलेला आंबा मला आठवला. मी म्हटले, "अगं, मला काय विचारतेस?" तर म्हणते कशी, "इतकी वर्षं इतिहास शिकवलास ना? मग सांग, आधी कोणतं आलं?"

प्रश्न थट्टेतला होता. पण शिकवण्याची खोड अशी सुटत नाही. शिवाय त्या दिवशी माझ्या स्वतःच्या डोक्याचाही एक प्रश्न होता. तो पुढे येईलच.

आधी आला तो अर्थातच काळा रंग, आणि तोही सगळा एकसारखा. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराचे नाव आपण ज्योतिषासाठी घेतो, पण त्याच्या बृहत्संहितेत सुगंधी द्रव्यांचे एक प्रकरण आहे आणि त्याची सुरुवातच केसांच्या कलपाने होते. माणसाचे केस पांढरे असतील तर माळा, अत्तरे, वस्त्रे, दागिने काहीच शोभत नाही, तेव्हा आधी डोक्याकडे पाहा, असा त्याचा रोखठोक सल्ला. कृती अशी: कोद्रव, म्हणजे आपल्या कोकणातला हरीक, आंबवलेल्या पाण्यात लोखंडाच्या भांड्यात लोहचूर्णासह शिजवायचा, बारीक वाटायचा, डोक्याला थापायचा आणि वर ओली पाने बांधून दोन प्रहर बसायचे. मग ते काढून आवळ्याचा लेप, पुन्हा पाने, पुन्हा दोन प्रहर. म्हणजे सकाळी बसलेला गृहस्थ दिवेलागणीला उठायचा! त्यानंतर लोखंडाचा आणि आंबटाचा वास घालवायला सुगंधी तेले. लोखंड आणि आवळा एकत्र आले की काळा रंग धरतो हे लोखंडी कढईत आवळा उकळणाऱ्या कुठल्याही गृहिणीला ठाऊक आहे. सांगायचे ते हे की या विद्येचा सारा भर लपवण्यावर होता. केसाला रंग लावला आहे हे दिसता कामा नये.

दिसावा म्हणून लावलेल्या रंगाची गोष्ट हवी असेल तर व्हेनिसला जायला हवे. तिथे १५९० साली चेझारे वेचेल्लिओ याने देशोदेशींच्या पोशाखांचे एक जाडजूड सचित्र पुस्तक छापले. हा चित्रकार तिश्यानच्या नात्यातला. त्या पुस्तकात एक बाई घराच्या माथ्यावरल्या लाकडी मचाणावर उन्हात बसली आहे. या मचाणाला तिथे आल्ताना म्हणतात. व्हेनिसच्या छपरांवर ती आजही दिसतात. तिच्या डोक्यावर गवताची टोपी आहे, पण तिला माथाच नाही, नुसती रुंद कड. या टोपीचे नाव सोलाना. मधल्या भोकातून केस वर ओढून घ्यायचे आणि त्या कडेवर चहूकडे पसरायचे, कुरडया वाळत घालाव्यात तसे. हातात काठीच्या टोकाला बांधलेला स्पंज. तो औषधी पाण्यात बुडवून केस भिजवायचे, उन्हात वाळू द्यायचे, पुन्हा भिजवायचे. आणि हे भर दुपारच्या कडक उन्हात. कड रुंद एवढ्यासाठी की केस उजळावेत, पण तोंड मात्र रापू नये. तिश्यानच्या चित्रांतल्या तांबूस सोनेरी केसांकडे पाहून आपण सुस्कारे टाकतो, पण त्या रंगापायी कितीजणींची डोकी दुखली असतील ते चित्रात उमटत नाही. जोवान्नी मारिनेल्लो नावाच्या वैद्याने तर १५६२ साली स्त्रियांच्या प्रसाधनावर अख्खा ग्रंथ लिहून अशा पाण्यांच्या कृती दिल्या आहेत.

हे चित्र नातीला दाखवताना माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे अर्धा मीटर लांब केसाचे टोक साडेतीन-चार वर्षांपूर्वी डोक्यातून बाहेर आलेले असते. व्हेनिसच्या त्या बाईच्या केसांच्या टोकांनी तीन-चार उन्हाळे पाहिले असणार आणि मुळांनी या महिन्याचेच ऊन. तेव्हा तिचे केस मुळाशी गडद आणि टोकाला फिके, असेच असले पाहिजेत. ही उतरती छटा ना पॅरिसने शोधली ना न्यूयॉर्कने, ती उन्हाची. आपल्याकडे दिवसभर समुद्रावर हुंदडणाऱ्या पोरांचे केसही टोकाला असेच तांबूस होतात, आणि त्याचे पैसे पडत नाहीत.

पट्टेही निसर्ग काढतो, पण ते आठवले की हसू मावळते. सिसिली विल्यम्स ही डॉक्टर आफ्रिकेत गोल्ड कोस्टवर, म्हणजे आजच्या घानामध्ये, काम करीत होती. अन्नातल्या प्रथिनांच्या तुटवड्याने होणाऱ्या मुलांच्या रोगाचे तिने १९३३ साली वर्णन केले. क्वाशिओरकोर हे नाव वैद्यकात तिच्यामुळेच आले. या रोगात केस फिके, तांबूस पडतात. आणि उपासमार येत-जात राहिली तर केसाच्या लांबीत एक आडवा पट्टा काळा, एक फिका, असे दिसू लागते. डॉक्टर त्याला निशाणाची खूण म्हणतात. पोटभर मिळाले ते महिने काळे, नाही मिळाले ते फिके. लहानपणी आमच्या घरी कुणाचे केस तांबूस दिसले की आई आधी 'नीट जेवतोस ना रे?' असे विचारी. तिला तो रोग ठाऊक नव्हता. पण काळा, तेलाने तुकतुकीत केस म्हणजे खाऊनपिऊन असलेले मूल, हे पक्के ठाऊक होते. आपल्या जुन्या बायकांना तांबडे केस का खुपतात, याचे उत्तर मला इथे सापडले. ती नुसती खाष्टपणाची गोष्ट नव्हे.

पुढचा इतिहास भराभर सांगता येतो. १८१८ साली लुई जाक थेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने हायड्रोजन पेरॉक्साइड तयार केले. १८६७च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्याने केस उजळवून दाखवले गेले, आणि आल्तानावर तासन्‌तास बसण्याची गरज संपली. १९०७ साली युजेन शुएलर या तरुण रसायनज्ञाने कृत्रिम रंग केसांसाठी तयार केला आणि दोन वर्षांनी त्याची कंपनी काढली. तीच पुढे लोरेआल झाली. पण हे सारे रंग डोकेभर लावायचे.

बटांची युक्ती खरी फोफावली ती १९६०च्या सुमारास, अमेरिकेत. तिचे साधन ऐकून नात खो खो हसली. डोक्यावर घट्ट बसणारी रबराची टोपी, तिला बारीक बारीक भोके, आणि त्या भोकांतून क्रोशाच्या सुईसारख्या आकड्याने एकेक बट बाहेर ओढायची! बाहेर आल्या तेवढ्याच बटांना उजळवणारा लेप, बाकीचे केस टोपीखाली सुरक्षित. सोलानाचीच ही धाकटी बहीण म्हणायची, फक्त एका मोठ्या भोकाच्या जागी शंभर भोके. टोपीतून बट नेमकी मुळापासून धरता येत नसे, म्हणून पुढे पातळ पत्र्याच्या पट्ट्या आल्या. बट पट्टीवर ठेवायची, लेप लावायचा, घडी घालायची. पट्टीत ओल टिकते आणि रंग थेट मुळापासून उजळतो. आजचे हायलाइट बहुधा याच रीतीचे.

आणि १९७०च्या दशकात पॅरिसच्या कारागिरांनी या पट्ट्या बाजूला ठेवून हातात ब्रश घेतला. बटेच्या वरवर, टोकाकडे दाट आणि मुळाकडे विरळ, असा लेप ओढत न्यायचा. या कामाला त्यांनी बालयाज नाव दिले. फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ झाडणे, केर काढणे! दिवाळीच्या साफसफाईच्या दिवसांत हे ऐकून सूनबाईंना फार बरे वाटले. ओंब्रे म्हणजे सावली धरलेला; तो शब्द कापडाच्या रंगाऱ्यांकडून आला. एक हाताची रीत, दुसरे त्यातून दिसणारे रूप. लोक दोन्ही शब्द एकच समजून वापरतात.

"मग करू काय?" नात मूळ पदावर आली. मी म्हटले, रंग आवडतो कोणता ते सोड. सहा महिन्यांनी काय दिसेल ते पाहा. बट मुळापासून उजळली की महिनाभरात तिच्या बुडाशी काळे बोटाचे पेर दिसू लागणार आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा पार्लरची खुर्ची. छटा मुळी वरून काळीच असते. तिच्या वाढीला सीमाच नाही. शिवाय आपला काळा केस उजळताना आधी तांबडा, मग नारिंगी, मग पिवळा होतो. मध्येच थांबले की तांब्याची कळा येते. तेही टोकालाच असले तर नको झाल्यावर कापून टाकता येते. ओव्हिड या रोमन कवीने दोन हजार वर्षांपूर्वी रंगापायी केस गमावून बसलेल्या प्रेयसीवर एक अख्खी कविता लिहिली आहे. ती वेळ मुळाशी खेळलीस तर येते.

ती छटेवर राजी झाली. मग माझ्याकडे निरखून पाहत म्हणाली, "आणि तुझं काय?"

माझे असे होते. सव्वीस वर्षे मी दर तिसऱ्या आठवड्याला न्हाणीघरात वाटी आणि ब्रश घेऊन बसते. भांगातली पांढरी रेघ दिसली की मला चारचौघांत बसवत नाही. वर्गात फळ्याकडे वळताना मुलींना माथा दिसेल, या धास्तीने मी किती वर्षे तिरपी उभी राहून लिहिले! गेल्या वर्षापासून कलप लावला की कानामागे आग होते, पाणी सुटते. डॉक्टरांनी सांगितले, काळ्या कलपातल्या पॅरा-फेनिलिनडायअमीन या द्रव्याचे वावडे आहे. आता ते बंद. मी घरात कुणाला बोलले नव्हते. नातीला सांगितले.

ती मला तिच्या पार्लरातल्या बाईंकडे घेऊन गेली. "काकू," त्या म्हणाल्या, "छटा तुम्हाला नाही चालायची. तुमची उलटी आहे. वर पांढरं, खाली काळं." मग म्हणाल्या, खालच्या काळ्यात बारीक फिक्या बटा काढू, म्हणजे वरून उतरणाऱ्या पांढऱ्याची रेघ उठून दिसणार नाही. पण इतक्या वर्षांचा कलप सहज सुटत नाही, दोन-तीन खेपा लागतील, आधी तांबूस दिसेल आणि कातडीला लेप लागू देणार नाही, असे त्यांनी रोखठोक सांगितले. एक बट करून पाहिली. तांबूसच निघाली. आईने विचारले असते, नीट जेवतेस ना गं?

हे लिहिताना नवरात्र चालू आहे. पहिली खेप झाली आहे, दुसरी वसुबारसेच्या आधी. भांगातली रेघ नातीने काल फूटपट्टीने मोजली. दोन सेंटिमीटर भरली. नरकचतुर्दशीच्या अभ्यंगाला डोक्याला तेल तीच लावणार म्हणते.