पडद्यावरची विटंबना आणि संमतीचा प्रश्न

चित्रपटातील नग्नता कलेला आवश्यक असते काय, या प्रश्नावर आपल्याकडे दोनच पक्ष बोलत आले आहेत. संस्कृतिरक्षकांना प्रेक्षक बिघडेल ही चिंता. कलावाद्यांना कलावंताचे हात बांधले जातील ही. जिची नग्नता पडद्यावर येते ती स्त्री मात्र दोघांच्याही विचारात नसते. शेखर कपूर यांच्या ‘बँडिट क्वीन’ (१९९४) या चित्रपटाचा इतिहास म्हणूनच तपासला पाहिजे.

या देशात उघडे अंग ही केवळ नीतीची बाब कधीच नव्हती. त्रावणकोरातील नाडार स्त्रियांना छाती झाकण्याच्या हक्कासाठी कित्येक वर्षे झगडावे लागले. १८५९ च्या जाहीरनाम्याने तो मिळाला, पण सवर्ण स्त्रियांसारखे वस्त्र घ्यायचे नाही, ही अट राहिलीच. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना पांढरपेशा स्त्रियांप्रमाणे लुगडे नेसायला सांगितले, ते जातीची खूण अंगावरून उतरावी म्हणून. वस्त्र हा आमचा झगडून मिळवलेला हक्क आहे. तो हिरावणे ही जातीने दिलेली शिक्षा असते. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याला दलित-आदिवासींची नग्न धिंड काढणे हा स्वतंत्र गुन्हा म्हणून नोंदवावा लागला, तो काही उगाच नव्हे.

फूलनदेवी नावाड्यांच्या मल्लाह जातीतली. चित्रपटात ठाकूर तिला विवस्त्र करून गावातून नेतात, विहिरीचे पाणी भरायला लावतात. भोवती पुरुषांचा घोळका उभा असतो. या दृश्याला हेतू नाही, असे मी म्हणणार नाही. गप्प राहून पाहणारा तो गाव वर्णव्यवस्थेचाच चेहरा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३ मे १९९६ रोजी चित्रपटाला परवानगी देताना हेच ओळखले: अशा दृश्याने वासना चाळवत नाही, करुणा आणि किळस उत्पन्न होते. संस्कृतिरक्षकांना हे उत्तर योग्यच होते. परंतु त्यातही विचार झाला तो प्रेक्षकाच्या मनाचा.

फूलनचा प्रश्न निराळा होता. अकरा वर्षांच्या तुरुंगवासानंतर १९९४ मध्ये ती सुटली आणि त्याच वर्षी या चित्रपटाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली. आपल्यावरील बलात्कार जगाला दाखविण्यास आपण संमती दिलेली नाही, हे तिचे म्हणणे. निर्माते कराराकडे बोट दाखवीत होते. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. न्यायालयाने तूर्त मनाई केली, पुढे प्रकरण पैशाच्या तडजोडीने मिटले. तडजोडीने वाद मिटतो. पण संमती ही आधी घ्यायची असते, मागाहून विकत घ्यायची नसते.

अरुंधती रॉय यांनी त्याच वर्षी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. बापाची जमीन बळकावणाऱ्या चुलतभावाशी, मायादीनशी, फूलनने दिलेला लढा चित्रपटाने वगळला आहे. हे मला फार महत्त्वाचे वाटते. जमिनीसाठी भांडणारी मुलगी गेली आणि बलात्काराचा सूड घेणारी बाई उरली. शोषित स्त्रीचे दुःख पाहायला पांढरपेशा प्रेक्षक तयार असतो. तिचा जमिनीवरचा दावा ऐकायला तो तयार असतोच असे नाही. नग्न दृश्याची कलात्मकता मोजताना त्याच्यासाठी काय गाळले, हेही मोजले पाहिजे.

१९९६ मध्ये फूलन मिर्झापूरमधून लोकसभेवर निवडून आली. तिने तोंडी सांगितलेले आत्मचरित्रही त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. २५ जुलै २००१ रोजी दिल्लीत तिचा खून झाला. माझ्या विद्यार्थ्यांना विहिरीचे दृश्य ठाऊक असते. ती खासदार होती हे पुष्कळांना ठाऊक नसते. अत्याचाराचे चित्रण करू नये, असे माझे मत नाही. आमच्या साहित्यानेही ते केले आहे. पण तिथे सांगणारा आणि सोसणारा एकच होता. जिथे ते दोघे वेगळे असतात तिथे सांगणाऱ्याने सोसणारीला आधी विचारले पाहिजे, आणि तिने नाही म्हटले तर थांबले पाहिजे.