एका रात्रीचा समुद्र : सातावालचे नाखवे आणि होकायंत्राशिवायचा प्रवास

मागच्या भागात आपण व्यापारी वाऱ्यांबद्दल बोललो होतो. आज त्याच वाऱ्यावर बसून पॅसिफिक महासागरात जाऊया. मायक्रोनेशियात सातावाल नावाचं एक बेट आहे. क्षेत्रफळ दीड चौरस किलोमीटरसुद्धा नाही, वस्ती काही शे माणसांची. तिथून साधारण 50 सागरी मैलांवर पश्चिम फायू हे निर्मनुष्य बेट आहे. सातावालचे लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथे कासवं पकडायला जातात. वारा चांगला असेल तर प्रवास एका रात्रीचा.

आता गणित बघा. ही प्रवाळबेटं इतकी सपाट असतात की दहाएक मैलांवर आलात तरच माडांचे शेंडे दिसतात. रात्रभर अंधारात शीड हाकायचं, होकायंत्र नाही, नकाशा नाही. थोडासा कोन चुकला तर बेट बाजूने निघून जातं, आणि पुढे फक्त पाणी. तरीही हे लोक पोचायचे. कसे?

आधी होडी. नीरफणसाच्या लाकडाची, फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या, खिळा एकही नाही. पूर्वी शीडसुद्धा केवड्याच्या जातीच्या पानांच्या चटईचं असायचं. एका बाजूला उलांडी, आणि ती कायम वाऱ्याकडेच ठेवायची. दिशा बदलायची तर होडी वळवत नाहीत, शीडच उचलून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नेतात. म्हणजे नाळ आणि वरामाची अदलाबदल!

निघताना नाखवा पुढे कमी आणि मागे जास्त बघतो. सुटलेलं बेट अपेक्षित रेषेत दिसतंय की सरकलंय, यावरून प्रवाह होडीला किती ढकलतोय हे कळतं. ही मोजणी बेट दिसतंय तोवरच करता येते, म्हणून उजेड असतानाच निघणं बरं.

मग रात्र. प्रत्येक तारा क्षितिजावर कायम त्याच जागी उगवतो आणि त्याच जागी मावळतो. या जागांचं 32 बिंदूंचं वर्तुळ नाखव्याच्या डोक्यात पक्कं असतं. मुलांना ते चटईवर गोलाकार खडे मांडून शिकवतात. आपला श्रवण तारा तिथे ‘मैलाप’, म्हणजे मोठा पक्षी. तो जवळजवळ पूर्वेला उगवतो, म्हणून पूर्व दिशा म्हणजेच मोठा पक्षी. तारा वर चढला की दिशेसाठी निरुपयोगी, मग त्याच जागेवरून उगवणारा पुढचा तारा धरायचा. ढग आले तर लाटा. दुरून येणाऱ्या संथ, लांब लाटांची दिशा सहसा पटकन बदलत नाही, आणि जाणता नाखवा होडी कशी डोलतेय यावरून ती ओळखतो.

आता माझा सगळ्यात आवडता भाग : ‘एताक’. आपण म्हणतो, होडी पुढे जाते आणि बेटं जागेवर असतात. त्यांच्या हिशोबात होडी स्थिर असते आणि बेटं मागे सरकतात. वाटेच्या बाजूला, क्षितिजापलीकडे एक तिसरं बेट मनात धरायचं. ते आत्ता कोणत्या ताऱ्याखाली असेल? थोड्या वेळाने पुढच्या ताऱ्याखाली गेलं, म्हणजे प्रवासाचा एक टप्पा संपला. मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे मला हे ऐकून लगेच फ्रेम ऑफ रेफरन्स आठवली. पण आकडे न वापरता, न दिसणाऱ्या बेटाची जागा रात्रभर डोक्यात अपडेट करत राहणं ही साधी गोष्ट नाही. एडविन हचिन्स या संशोधकाने 1995 मध्ये आलेल्या आपल्या पुस्तकात या विचारपद्धतीची गंभीर दखल घेतली आहे.

पहाटे मदतीला येतात पक्षी. सुरय सकाळी मासेमारीसाठी बेटापासून वीसेक मैल जातात आणि संध्याकाळी घरी परततात. त्यामुळे नाखव्यासाठी छोटंसं बेट चाळीसेक मैल रुंद होतं! म्हणूनच टप्प्यांमध्ये एकाचं नाव ‘दिसण्याचा एताक’, तर दुसऱ्याचं ‘पक्ष्यांचा एताक’.

हे ज्ञान जवळजवळ संपलं होतं. सातावालचे माउ पियालुग 1932 साली जन्मले आणि लहानपणीच आजोबांनी त्यांना या विद्येसाठी निवडलं. पण ते मोठे होईपर्यंत तरुण पोरं शाळा आणि नोकऱ्यांकडे वळत होती. तिकडे हवाईत ही विद्या आधीच लोपली होती. पॉलिनेशियन लोक बेटांवर वाहत वाहत, योगायोगाने पोचले असावेत असं काही अभ्यासक लिहीत होते. ते खोडायला 1975 मध्ये ‘होकुलेआ’ ही जोडहोडी बांधली गेली, पण ती हाकायची विद्या असलेला हवाईयन मिळेना. माउ आले. 1 मे 1976 ला माउई बेटावरून निघून 4 जूनला होडी ताहितीला पोचली, 4000 किलोमीटरहून जास्त अंतर, उपकरणांशिवाय. पापीतेच्या किनाऱ्यावर हजारो लोक जमले होते.

पण वाटेत खलाशांची भांडणं इतकी झाली की माउ वैतागून घरी निघून गेले. 1978 मध्ये होडी त्यांच्याशिवाय निघाली आणि पहिल्याच रात्री उलटली. एडी आइकाऊ मदत आणायला सर्फबोर्डवर निघाला. बाकीचे वाचले, एडी कधीच सापडला नाही.

यानंतर माउ परत आले आणि नैनोआ थॉम्प्सनला शिकवायला बसले. हा निर्णय सोपा नव्हता. ही विद्या घराण्यात ठेवायची, बाहेरच्याला द्यायची नाही, असा दंडक होता, आणि त्यांच्या लोकांनी टीकाही केली. पण घरात शिकणारे नाहीत आणि बाहेर द्यायचं नाही, म्हणजे सर्वरही एकच आणि बॅकअपही नाही. माउंनी दंडक मोडला. 1980 मध्ये नैनोआने होकुलेआ ताहितीला नेली आणि परत आणली. 2007 मध्ये सातावालवर माउंनी त्याच्यासह पाच हवाईयनांना ‘प्वो’, म्हणजे नाखव्याची दीक्षा दिली. 2010 मध्ये ते गेले.

आपल्याकडेही कोकणच्या किनाऱ्यावर वारा आणि तारे वाचणारे म्हातारे तांडेल असतील. तुमच्या ओळखीत असे कोणी असतील तर त्यांच्याजवळ बसा, मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि आम्हालाही कळवा. भेटू पुढच्या भागात!