मायावतीचे कोडे

मंडळी, काठीची होळी पाहायला लांबलांबची माणसे येतात. पण आजच्या गोष्टीला पौर्णिमा नको. मार्गशीर्षातली अंधारी रात्र हवी. उत्तरेकडे तोंड करून वर पाहा. शर्मिष्ठेशेजारी ययाती, आणि त्यात मायावती. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी हा तारा मंदावतो. तेज तिसऱ्या हिश्शावर येते, नि काही तासांत पुन्हा पहिल्यासारखे!

१७८३ साली इंग्लंडातल्या यॉर्क येथे जॉन गुडरिक या अठरा वर्षांच्या बहिऱ्या मुलाने नुसत्या डोळ्यांनी पाहून हा हिशेब मांडला. एखादा अंधुक सोबती त्याला झाकत असावा, असे त्याने सुचविले.

पुढे वजने कळली, अन् कोडे पडले. जड तारा आधी म्हातारा होतो, हा नियम. इथे तेजस्वी तारा तीन सूर्यांएवढा असून तरुण, आणि सोबती एका सूर्याहून हलका असून म्हातारा! असे कसे?

१९५५ साली क्रॉफर्ड यांनी उलगडा केला. सोबतीच पूर्वी जड होता. म्हातारपणी तो फुगला आणि त्याचा वायू शेजाऱ्याने ओढून घेतला. देणारा जड असतो तोवर दोघे जवळ येतात. तो हलका झाला, की दूर सरकतात आणि फेरीला वेळ जास्त लागतो.

२०१५ साली ‘ॲस्ट्रोसॅट’ उपग्रहावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे क्ष-किरण यंत्र गेले, तेही अशा जोड्या न्याहाळण्यासाठी.

गुरुजी, वर्गातल्या अबोल मुलाला वही आणि घड्याळ द्या, नि हा तारा दाखवा. गुडरिकजवळ तरी याहून जास्त काय होते?